हिरड्यांचा रोग आणि मधुमेह

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर नावाचे जुने गाव आहे. शहरातील कोरमंगला भागातून निघून आगरा, इब्लूर आणि दोम्मसंद्र या वस्त्यांवरून तेथवर जाणाऱ्या रस्त्यास सर्जापूर रोड असे म्हणतात. एके काळी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस नाचणीची शेते आणि पावसाचे पाणी साठविणारी तळी होती. आगरा व बेळ्ळंदूर येथील तळी आजही आहेत. शेतांची जागा मात्र संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी आणि उंच इमारतींनी घेतली आहे. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे येऊन राहिली असून त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही आहेत. मागील पिढ्यांचा दिवस शेतात किंवा चालण्यात जात असे. आजचा दिवस बहुतांशी खुर्चीवर आणि वाहनात जातो.

या रस्त्याच्या शहराकडील टोकास सेंट जॉन्स हे १९६३ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तेथून पुढे गेल्यास रक्तातील साखर तपासून देणाऱ्या प्रयोगशाळांच्या आणि दंतवैद्यांच्या पाट्या जागोजागी आढळतात. दोन्ही पाट्या कित्येकदा एकाच इमारतीवर असतात. परंतु त्यांखालील दारांनी आत जाणारा रोगी एकच आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. दात घासताना रक्त येते म्हणून एका दारी जाणारा मनुष्य तेथे साखरेविषयी बोलत नाही, आणि साखर वाढली म्हणून दुसऱ्या दारी जाणारा तेथे हिरड्यांचा उल्लेख करीत नाही. वस्तुतः हे दोन विकार परस्परांस पोसतात. ते कसे, आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घेणे आज अगत्याचे झाले आहे.

रोगाची व्याप्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांस मधुमेह असून त्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख भरते. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. खेड्यांत मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के, तर शहरांत ते १६.४ टक्के आढळले. राज्यांमध्ये गोव्याचा क्रमांक सर्वांत वर लागला. तेथे दर १०० प्रौढांपैकी २६ जणांस हा रोग होता.

मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, हृदय व पाय यांस इजा होते, हे आता सर्वपरिचित आहे. हाराल्ड लोए या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञाने १९९३ साली एका शोधनिबंधात हिरड्यांच्या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव असे म्हटले. तेव्हापासून हा विषय दंतवैद्यकाच्या पुस्तकांपुरता राहिला नाही.

दोन्ही रोग आपल्या देशास नवे नाहीत. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही मधुमेहाची खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात दंतवेष्ट नावाचा विकार सांगितला आहे. हिरड्यांतून पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात, ही त्याची लक्षणे होत. आज सामान्य लोक ज्यास पायोरिया म्हणतात, त्याचेच हे वर्णन आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

हिरडीत काय बिघडते

दात जबड्याच्या हाडातील खोबणीत बसलेला असतो. त्याचे मूळ व हाड यांना सूक्ष्म तंतूंनी एकत्र बांधलेले असते, आणि या सर्वांवर हिरडीचे आवरण असते. दात व हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी माणसात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर असते.

दातांवर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. तो रोज काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होतो व त्याचे कीटण बनते. थराचा उपद्रव सुरू झाला की हिरडी लाल होते, सुजते आणि दात घासताना किंवा पेरू चावताना तिच्यातून रक्त येते. ही पहिली पायरी होय. येथे दात बळकट असतात आणि झालेली हानी पूर्ण भरून येऊ शकते.

लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हे प्रयोगाने दाखविले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींनी दात घासणे बंद केले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात स्वच्छ होऊ लागताच सुमारे आठवड्याभरात सूज नाहीशी झाली. हिरडीच्या सुजेचे कारण दातांवरील थर हेच आहे, याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

पहिल्या पायरीकडे दुर्लक्ष झाले, तर कित्येकांत रोग खोल उतरतो. खाच वाढून तिचा खिसा बनतो, दातास धरून ठेवणारे तंतू तुटतात आणि हाड झिजते. हाच पायोरिया होय. यात फारसे दुखत नाही, म्हणून रोगी निश्चिंत राहतो. आणि दात हलू लागल्यावर तो वयाचा परिणाम आहे, अशी स्वतःची समजूत घालतो. परंतु गेलेले हाड आपोआप परत येत नाही.

सर्वांस सारखेच का होत नाही

अस्वच्छता सारखी असूनही सर्वांचे दात सारखे पडत नाहीत. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांची १९७० पासून १९८५ पर्यंत वेळोवेळी तपासणी झाली. या मजुरांना दंतवैद्याची सेवा मिळत नव्हती व दात घासण्याची प्रथा त्यांच्यात नव्हती. जवळजवळ सर्वांच्या दातांवर थर होता आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तथापि त्यांपैकी ८ टक्के मजुरांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्के मजुरांत तो मध्यम गतीने वाढला, आणि ११ टक्के मजुरांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

याचा अर्थ असा की, रोगाचा आरंभ जंतू करतात. पण त्याची गती मोठ्या अंशी शरीराच्या प्रतिकारावर ठरते. हा प्रतिकार बिघडविणाऱ्या कारणांत तंबाखू आणि मधुमेह ही दोन कारणे प्रमुख होत. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा या मूळ रहिवासी जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथील तपासणीत मधुमेही व्यक्तींना पायोरिया होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. हे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले.

हा केवळ उतारवयाचा प्रश्न आहे, असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये ६ ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करण्यात आली, तेव्हा मधुमेह असलेल्या मुलांच्या हिरड्यांची हानी इतर मुलांपेक्षा अधिक असल्याचे २००६ साली दिसून आले. म्हणून इन्शुलिन घेणाऱ्या शाळकरी मुलाच्या हिरड्यांकडेही लक्ष असणे जरूर आहे.

साखर हिरडीस कशी छळते

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती शरीरातील प्रथिनांना चिकटते. पाव भाजताना त्याचा पृष्ठभाग तपकिरी होतो, त्यामागे साखर व प्रथिने यांची जी अभिक्रिया असते, तिच्यासारखीच ही अभिक्रिया आहे. फक्त ती शरीराच्या उष्णतेत अतिशय सावकाश घडते. अशी साखर चिकटलेली प्रथिने हिरडीत साचली की तेथील पेशी दाह उत्पन्न करणारी द्रव्ये अधिक प्रमाणात सोडू लागतात.

याच्या जोडीस आणखी काही गोष्टी घडतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करीनाशा होतात. हिरडीला बळकटी देणारे तंतू नव्याने बनण्याचे काम मंदावते, त्यामुळे जखम लवकर भरत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. अनेक मधुमेह्यांच्या तोंडास कोरड पडते, व लाळेकडून होणारी दातांची नैसर्गिक धुलाई कमी होते. परिणामी, दातांवर जो थर निरोगी माणसास केवळ थोडी सूज देऊन गेला असता, तोच मधुमेह्याचे हाड पोखरू लागतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मधुमेह आहे किंवा नाही, एवढ्यावर हा धोका ठरत नाही. साखर ताब्यात आहे किंवा नाही, यावर तो ठरतो. ज्याची साखर नीट आटोक्यात आहे, त्याच्या हिरड्यांना असलेला धोका मधुमेह नसलेल्या माणसापेक्षा फारसा अधिक नसतो.

हिरडी साखर कशी वाढविते

आता दुसरी बाजू पाहू जाता असे आढळते की, पायोरिया झालेली हिरडी ही एक उघडी जखमच असते. दातांभोवती विखुरलेली असल्यामुळे ती दिसत नाही. पण सर्व खिशांतील दाह पावलेल्या त्वचेचे क्षेत्रफळ एकत्र मोजले, तर ते साधारणतः ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी जखम हातावर असती, तर तिच्याकडे कोणी महिनोन् महिने दुर्लक्ष केले नसते.

या जखमेतून जंतू, त्यांची विषे आणि दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात. ही द्रव्ये स्नायू, यकृत व मेद यांतील पेशींपर्यंत पोहोचली की इन्शुलिनच्या कार्यात अडथळा येतो. इन्शुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच राहते. अशा रीतीने साखर हिरडी बिघडविते व बिघडलेली हिरडी साखर वाढविते, असे चक्र सुरू होते. पिमा लोकांतच १९९६ साली असे दिसून आले की, ज्या मधुमेह्यांना तीव्र पायोरिया होता, त्यांची साखर पुढील काळात हाताबाहेर जाण्याचा संभव अधिक होता. तेथीलच २००५ सालच्या निष्कर्षांनुसार, तीव्र पायोरिया असलेल्या मधुमेह्यांना हृदयविकाराने किंवा मधुमेहजन्य मूत्रपिंडविकाराने मृत्यू येण्याचा धोका इतर मधुमेह्यांच्या तिपटीहून अधिक होता. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. पण तपास पुढे नेण्यास ही आकडेवारी पुरेशी होती.

उपचाराने साखर उतरते काय

याचा निर्णय प्रयोगानेच लागू शकत होता. त्यासाठी मधुमेही रोग्यांचे दोन गट करून एका गटावर हिरड्यांचा सखोल उपचार करावयाचा, आणि काही महिन्यांनी दोन्ही गटांच्या साखरेची तुलना करावयाची, ही पद्धती अवलंबिली गेली. साखर मोजण्यास हिमोग्लोबिनची चाचणी वापरतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात व त्यांतील हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. चिकटलेल्या साखरेचे प्रमाण मोजल्यास मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा एचबीएवनसी या नावाने येतो, तो ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असणे हे मधुमेहाचे लक्षण मानतात.

पहिले मोठे उत्तर निराशाजनक होते. अमेरिकेत ५१४ रोग्यांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्या प्रयोगातील उपचारानंतरही रोग्यांच्या हिरड्या पुरेशा निरोगी झाल्या नव्हत्या, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला. पुढे लंडनमध्ये २६४ रोग्यांवर अधिक कसून उपचार करण्यात आले. २०१८ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, वर्षाअखेर उपचार झालेल्या गटाचा हा आकडा दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होता. त्यानंतर २०२२ साली अशा ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ आणि वर्षाने ०.५० इतकी घट होते, असे त्यातून निष्पन्न झाले.

ही घट किती महत्त्वाची? एखाद्याचा आकडा ८ असेल, तर तो साडेसातच्या आसपास येईल. हिरड्यांचा उपचार हा इन्शुलिनला किंवा गोळ्यांना पर्याय नव्हे, हे यावरून उघड आहे. परंतु औषधे, आहार व व्यायाम यांच्या जोडीस तो निश्चित उपयोगी पडतो, आणि शिवाय दातही वाचतात.

तोंड शरीरापासून वेगळे कसे पडले

इतका निकट संबंध असता दोन्ही रोगांचे वैद्य एकमेकांपासून दूर का राहिले, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचे उत्तर शिक्षणाच्या इतिहासात सापडते. दंतवैद्यकाचे जगातील पहिले महाविद्यालय १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निघाले. दंतवैद्यक हा वैद्यकाहून वेगळा व्यवसाय म्हणून तेव्हापासून वाढला. भारतात डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास दंतमहाविद्यालय काढले; मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली सुरू झाले; आणि १९४८ च्या कायद्याने या व्यवसायास स्वतंत्र नियमन मिळाले. या वेगळेपणामुळे दंतवैद्यकाची मोठी प्रगती झाली, यात शंका नाही. पण त्याबरोबरच तोंड हा जणू शरीराबाहेरचा प्रांत आहे, अशी समजूतही दृढ झाली.

मिश्री, मऊ अन्न आणि गैरसमज

महाराष्ट्रात व गोव्यात या विषयास आणखी एक पदर आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दातांना घासण्याची चाल अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांत, पिढ्यान् पिढ्या आहे. हीच मिश्री होय. तंबाखू असलेली दंतमंजने व टूथपेस्ट बनविण्यास व विकण्यास १९९२ साली बंदी झाली. पण चुलीवर भाजलेल्या पुडीस ती कशी लागू व्हावी? मिश्रीने हिरडी दातापासून सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रक्त येणे कमी होते, आणि रोगाची पहिली सूचनाच दडपली जाते. मधुमेह व तंबाखू एकत्र आली की हिरड्यांस दुहेरी मारा सोसावा लागतो.

दात गेल्यावर आहारही पालटतो. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, काकडी, मोड आलेली कडधान्ये चावेनाशी होतात. त्यांच्या जागी मऊ भात, पाव आणि चहात बुडविलेली बिस्किटे येतात. चावण्यास सोपे असलेले हे पदार्थ रक्तात लवकर साखर सोडतात. म्हणजे दात गमावल्यानेही मधुमेह अवघड होतो, आणि या तोट्याची नोंद कोणत्याही चाचणीत होत नाही.

दोन गैरसमज दूर होणे इष्ट आहे. दंतवैद्याने कीटण काढल्याने दात हलू लागतात, असे पुष्कळ लोक मानतात. वास्तविक हाड आधीच झिजलेले असते व कीटण त्या जागेत ठासून बसलेले असते. ते निघाल्यावर मोकळी फट दिसते आणि दोष उपचारास दिला जातो. दुसरा समज असा की, मधुमेह्याने दातांचा कोणताही उपचार करवून घेऊ नये. साखर आटोक्यात असता सर्व नेहमीचे उपचार होऊ शकतात. मात्र नेहमीचे अन्न व औषध घेऊन, शक्यतो सकाळच्या वेळी जावे, आणि आपला मधुमेह व चालू औषधे यांची माहिती दंतवैद्यास प्रथमच द्यावी.

काय करावे

मधुमेही व्यक्तीने दिवसातून दोनदा मऊ कुंचल्याने व फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासावेत. दोन दातांमधील जागा दोऱ्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या बारीक कुंचल्याने साफ करावी. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये. त्यामुळे थर वाढतो व रक्त अधिकच येते. तंबाखू कोणत्याही रूपात वर्ज्य करावी. मधुमेहाचे निदान होताच एकदा हिरड्यांची तपासणी करवून घ्यावी, आणि पुढे दंतवैद्य सांगेल त्या अंतराने ती चालू ठेवावी. हिरडीतून रक्त किंवा पू येणे, तोंडास सतत दुर्गंधी असणे, दात लांब दिसू लागणे, त्यांच्यात फटी पडणे किंवा ते हलणे, ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. उलटपक्षी, ज्याच्या हिरड्या उपचार करूनही बऱ्या होत नाहीत, त्याने रक्तातील साखर तपासून घ्यावी. उंबरठ्यावरील अनेकांना आपल्या स्थितीची कल्पना नसते.

यासाठी नवी व्यवस्था उभारावी लागेल, असेही नाही. मधुमेह व तत्सम रोगांवरील राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याखाली सरकारी आरोग्यकेंद्रांत ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासतात, आणि तोंडाच्या कर्करोगाची चिन्हे शोधण्यासाठी तोंड उघडावयास लावून आत प्रकाश टाकतात. या दोन्ही तपासण्या एकाच व्यक्तीच्या व बहुधा एकाच दिवशी होतात. त्या वेळी दात घासताना रक्त येते काय, एवढा एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर साखरेच्या आकड्याशेजारी लिहिले, तर कित्येक मधुमेही दात हलण्यापूर्वीच दंतवैद्याकडे पोहोचतील.